पोर्शे ९११: १९८७ची की आजची?

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारची दोन रूपं: १९८७ची कॅरेरा ३.२ आणि २०१९नंतरची ९९२ मालिकेतली कॅरेरा. नाव तेच, इंजिनही दोन्हींत मागेच. पण गाडी सांभाळायचा अनुभव पार वेगळा.

वेगात तुलनाच नको. ९९२ला दोन टर्बो आणि २०१९मध्ये आली तेव्हा ३८५ अश्वशक्ती. शून्यावरून शंभरचा वेग चार सेकंदांच्या आसपास. जुनीची युरोपातली ताकद २३१.

तरी मला जुनीच हवी. तिला पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. पार्किंग करताना खांदे भरून येतात, पण गाडी पळू लागली की रस्ता थेट तळहातांना कळतो. मात्र वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडलात, तर मागची बाजू सुटते आणि सावरायला कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नसतं. हे शिकल्याशिवाय ती घेऊच नका.

देखभालही शिकावी लागते. ऑइल तपासायचं ते इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर. व्हॉल्व्हचं अंतर ठरावीक किलोमीटरनंतर हाताने जुळवायचं. आणि विकत घेताना आधी गंज बघा, इंजिन नंतर! पत्र्याला जस्ताचा मुलामा असला, तरी अपघातानंतर जोडलेल्या जागा आतून कुजतात.

जर्मनीत सुस्थितीतल्या, तीस वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘एच’ पाटी, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांची नंबरप्लेट मिळते. कर वर्षाला सुमारे १९२ युरो.

रोज ऑफिसला जायचं असेल, तर नवीच घ्या. वॉरंटी आहे, एसी चोख आहे, पावसाची काळजी नाही.