जुन्या दवाखान्याची दुरुस्ती: चुना की सिमेंट, कौलं की स्लॅब, खिडक्या की एसी?

तालुक्याच्या गावचा, शंभरी गाठलेला दवाखाना. काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे लांब व्हरांडा, दाराशी देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी. दुरुस्तीचा निधी मंजूर झालाय आणि अंदाजपत्रक समितीपुढे आलंय. त्यात सिमेंटचा गिलावा, छताला स्लॅब, वॉर्डात फॉल्स सीलिंग आणि एसी. तुम्ही त्या समितीवर असाल, तर सही करण्याआधी हे वाचा. माझी बरीच वर्षं अशाच इमारतींच्या दुरुस्तीत गेली आहेत.

या इमारती एका ठाम समजुतीतून उभ्या राहिल्या: मोकळी हवा आणि उजेड हीच अर्धी शुश्रूषा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकात लांबट, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या असलेल्या वॉर्डांचा आग्रह धरला आणि तो आराखडा हिंदुस्थानातही रुजला. मुंबईतल्या परळचं केईएम रुग्णालय १९२६ सालचं, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेलं. तिथल्या दगडी भिंती आणि व्हरांडे पाहिले की आपल्या गावच्या छोट्या दवाखान्याशी त्यांचं नातं लगेच कळतं. म्हणून भिंत, छत आणि खिडकी यांचा निर्णय वेगवेगळा घेऊ नका. एकीला हात लावला की दुसरी बिघडते.

भिंत: चुना की सिमेंट

सिमेंटच्या बाजूने बोलायचं तर ते झटपट होतं. कुठल्याही गवंड्याला येतं, आठवड्याभराच्या पाण्यानंतर कडक होतं आणि दुकानात कधीही मिळतं. चुन्याचं काम संथ. कळीचा चुना विरवायचा, काही आठवडे पाण्याखाली मुरवायचा, मग वाळू आणि सुरखीत (विटांच्या भुकटीत) मळायचा. गिलावा पातळ थरांत चढवायचा आणि दिवसेंदिवस ओला ठेवायचा. चुन्यात हात बसलेले गवंडी आता शोधावे लागतात. चालू दवाखान्यात एक वॉर्ड महिनाभर रिकामा करणं किती जड जातं, हेही मला माहीत आहे.

तरीही जुन्या दगडी भिंतीसाठी मी चुन्याचाच हट्ट धरतो, आणि कारण आपल्या दगडातच आहे. काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही. पावसाचं आणि जोत्यातून चढलेलं पाणी बाहेर पडतं ते दगडांमधल्या दरजांतून, म्हणजे सांध्यांतून. या भिंतींना बहुधा बाहेरून आणि आतून एकेक दगडी पापुद्रा असतो आणि मध्ये चुन्यातली भर. बाहेरच्या दरजा सिमेंटने बंद केल्या की पाण्याची एकुलती एक वाट अडते. मग ते आत वळतं, वॉर्डात.

हे मी एका गावच्या प्रसूती कक्षात पाहिलं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून नुकत्याच सिमेंटच्या दरजा भरलेल्या, दिसायला अगदी रेखीव. आतून मात्र गुडघ्याच्या उंचीपर्यंत गिलावा फुगलेला, पोपडे निघालेले. मावशी रोज सकाळी बाळंतिणींच्या खाटांखालून सुपलीभर पांढरी भुकटी झाडून काढायच्या. तो लोणा होता, ओलीबरोबर आलेला क्षार. छिन्नीने दरजेतलं सिमेंट उकललं तर ते अख्ख्या पट्टीने सुटलं आणि मागचा जुना चुना ओल्या साखरेसारखा बोटांना लागला. सगळ्या दरजा खरवडून चुन्याने भरल्या. भिंत पुरती सुकायला दोन उन्हाळे गेले, पण सुकली.

सिमेंटला माझा सरसकट विरोध नाही. शस्त्रक्रियागृह, प्रसूतीचं टेबल असलेली खोली, अतिदक्षता कक्ष, निर्जंतुकीकरणाची खोली, इथे भिंती रोज धुता आल्याच पाहिजेत. ताज्या चुन्याच्या सफेदीत जंतू मारण्याची ताकद असते. प्लेगच्या वर्षांत घरंच्या घरं चुन्याने पांढरी केली जात होती, ती त्यासाठीच. पण ती हाताला लागते आणि फडक्याने पुसता येत नाही. म्हणून या खोल्या शक्यतो शेजारच्या नव्या इमारतीत न्या. जागाच नसेल तर आतल्या कोरड्या भिंतींमध्ये बसवा. बाहेरच्या दगडी भिंतीला थेट टाइल किंवा ऑइलपेंट लावू नका. साध्या वॉर्डात सिलिकेट रंग (भिंतीला श्वास घेऊ देणारा खनिज रंग) चालतो. तो बऱ्यापैकी पुसता येतो आणि ओल कोंडत नाही.

छत: कौलं की स्लॅब

कौलांचा त्रास खरा आहे. माकडं, मांजरं, नारळाच्या झावळ्या. दर मेमध्ये कौलं परतावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, पन्हळीतला पाला काढावा लागतो. स्लॅब टाकला की हे सगळं संपतं, असं समितीत हमखास कुणीतरी म्हणतं.

आता वजन बघा. मंगलोरी कौलं रिपांसकट चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतात. पाच इंची स्लॅब तीनशेच्या वर जातो, म्हणजे जुन्या भिंतींच्या डोक्यावर जवळपास पाचपट भार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंतींवरच्या जड माळवदांनी (मातीच्या सपाट छतांनी) माणसं गाडली. तिथल्या भिंती मातीत रचलेल्या होत्या आणि दवाखान्याच्या चुन्यातल्या आहेत, हा फरक आहेच. पण दोन पापुद्र्यांची भिंत, त्यांना बांधणारे आरपार दगड पुरेसे आहेत की नाहीत हे न तपासता वर स्लॅब ओतणं मला मान्य नाही. संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल मागा आणि त्यात आरपार दगडांचा उल्लेख आहे का ते पाहा.

पत्रा हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. वजनाला तो हलका खरा, पण एप्रिलमध्ये वॉर्ड भट्टीसारखा तापतो आणि जुलैच्या पावसात पत्र्याखाली स्टेथोस्कोपने छातीचे ठोके ऐकणं अवघड. वाशे सडके असतील तेवढेच बदला, कौलांखाली फळ्या मारा, माकडांसाठी जाळी बसवा.

खिडक्या की एसी

या प्रश्नावर समितीत सगळ्यात कमी चर्चा होते, आणि रुग्णाच्या जिवाशी सगळ्यात जास्त संबंध याचाच आहे. पेरू देशातल्या लिमा शहरात संशोधकांनी आठ रुग्णालयांच्या खोल्यांमधली हवा मोजली. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. खिडक्या-दारं उघडी असताना पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. नव्या, तशाच उघड्या खिडक्यांच्या खोल्यांत १७ वेळा. क्षयरोग हवेतून पसरतो. त्याचे रुग्ण रोज येणाऱ्या आपल्या ओपीडीला हा फरक फार मोलाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना नैसर्गिक वायुविजनाच्या साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा मागते. फॉल्स सीलिंग टाकून वरचे झरोके झाकले आणि खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावला, तर तो एसी तीच हवा गार करून फिरवत राहतो. बाहेरची ताजी हवा आत येत नाही.

एसी जिथे लागतोच तिथे ताजी हवा आत आणणारी यंत्रणा त्याच अंदाजपत्रकात हवी, आणि वायरिंग नव्याने हवं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली. ती बातमी वाचल्यापासून जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरींवर एकही जादा यंत्र चढवायला माझा हात धजत नाही. साध्या वॉर्डात मात्र झरोक्यांच्या अडकलेल्या दोऱ्या बदला, बिजागऱ्यांना तेल द्या, डासांसाठी जाळ्या लावा. खर्चाला हे अगदी किरकोळ आहे.

पैशाचं गणित

सिमेंट-स्लॅबचा प्रस्ताव एकदाच मोठा खर्च मागतो. चुना-कौलांचा प्रस्ताव दरवर्षी थोडा मागतो, आणि तिथेच समित्या डगमगतात, कारण मोठा निधी एकदा मिळतो, दरवर्षी छोटा मिळवणं कठीण. तुमच्याकडे मे महिन्यात कौलं परतायला आणि भिंतीतले पिंपळ मुळासकट काढायला वर्षाची पक्की तरतूद होणार नसेल, तर चुन्याचं उत्तम कामही पाच-सहा पावसाळ्यांत नासेल. अशा वेळी प्रामाणिकपणे सांगतो, आधी तरतुदीचा ठराव करा आणि मगच काम काढा.

निविदेत एक अट घाला: काम सुरू करण्याआधी ठेकेदाराने भिंतीच्या एक मीटर चौरसात चुन्याचा नमुना करून दाखवावा. शक्य असेल तर तो एका पावसाळ्यातून जाऊ द्या. जागा पश्चिमेच्या भिंतीवर, जोत्याजवळची निवडा. पाऊस तिथेच झोडपतो आणि ओलही तिथूनच चढते.