मॅकेन्यू तोच, कॅमेरे दोन: ‘वन पीस’ बघावं की ‘रुरोनी केन्शिन’?

अ‍ॅनिमेवरून (जपानी अॅनिमेशनवरून) काढलेलं, खऱ्या नटांचं लाइव्ह-अ‍ॅक्शन म्हटलं की जाणकार आधीच नाक मुरडतो, आणि त्याला तशी कारणंही आहेत. तरी एकदा आजमावून बघायचंच असेल तर माझ्या मते दोनच पर्याय विचारात घ्यावेत: नेटफ्लिक्सची समुद्री चाच्यांची ‘वन पीस’ मालिका (पहिला सीझन, 2023, आठ भाग) आणि माणसं मारणं सोडलेल्या तलवारबाजाचे, म्हणजे ‘रुरोनी केन्शिन’चे जपानी चित्रपट (2012 ते 2021, एकूण पाच).

नेटफ्लिक्सचीच ‘काउबॉय बीबॉप’ (2021) मी मुद्दामच बाजूला ठेवतोय. मूळ अॅनिमेच्या 26 भागांत खलनायक व्हिशियस जेमतेम पाच भागांत दिसतो, आणि तो दिसत नाही म्हणूनच त्याचा धाक वाटतो. नेटफ्लिक्सने त्याला अख्ख्या सीझनभर घरगुती कटकटींत अडकवला. मूळ कथेतली महत्त्वाची पोरगी एड तर थेट शेवटच्या भागाच्या शेवटी उगवते. मूळ अॅनिमेच्याच योको कान्नोचं संगीत होतं, नायक झालेला जॉन चोही वाईट नव्हता, पण तीन आठवड्यांच्या आत मालिकेचा गाशा गुंडाळला गेला.

उरलेल्या दोघांची तुलना सोपी जाते, कारण मॅकेन्यू हा नट दोन्हीकडे आहे. ‘केन्शिन: द फायनल’मध्ये तो पांढऱ्या केसांचा, केन्शिनवर सूड उगवायला आलेला एनिशी आहे, ‘वन पीस’मध्ये हिरव्या केसांचा तलवारबाज झोरो. माणूस तोच, तलवारीवरचा हातही तोच. तेव्हा पडद्यावर जो फरक पडतो, तो बराचसा दिग्दर्शन आणि कॅमेऱ्याच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

‘द फायनल’च्या सुरुवातीची आगगाडीतली मारामारी बघा. डबा अरुंद, पोलीस दोन्हीकडून येताहेत, आणि एनिशीचं वजन कुठल्या पायावर आहे हे आपल्याला दिसत राहतं. हे दिसणं फार महत्त्वाचं. अ‍ॅनिमेत सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी चित्रं बहुधा 12 किंवा 8 च असतात. मधली हालचाल गाळून थेट टोकाची पोझ दाखवली की तलवार विजेसारखी वाटते. खऱ्या माणसाची मधली हालचाल गाळता येत नाही. मग एक तर तुकडे तुकडे जोडून वेगाचा आव आणायचा, नाहीतर नटालाच खरोखर तितकं वेगात पळवायचं. केन्शिनच्या मारामाऱ्या बसवणाऱ्या केन्जी तानिगाकीने दुसरा रस्ता धरला. तो हाँगकाँगच्या स्टंटच्या तालमीतला. केन्शिन झालेला ताकेरु सातो जमिनीलगत वाकून धावतो, वळतो, घसरतो, आणि बरेचदा हे सगळं न तुटणाऱ्या शॉटमध्ये होतं.

‘वन पीस’मध्येही तलवारबाजी वाईट नाही. पण मला जे खटकलं आणि ज्याने माझ्यापुरता निकाल लावला, ती गोष्ट मारामारीतली नाहीच, साध्या संवादांतली आहे. वाइड लेन्स थेट चेहऱ्याला भिडवून ठेवलेली. नाक पुढे येतं, कान मागे जातात, मागची जहाजाची कड वाकते. हे मुद्दाम केलंय, मांगातली (जपानी कॉमिक्समधली) फुगवलेली चित्रं आठवावीत म्हणून, हे कळतं. कागदावर ते शोभतंही, कारण तिथे बाकी सगळंच तितकंच वाकडं असतं. इथे मात्र जिवंत कातडी, खरा घाम आणि त्यावर हा बाक. नायक लफी ओरडत असेल तेव्हा चालून जातं. दोन माणसं शांतपणे बोलत असतानाही तेच चाललं की डोळे शिणतात. एकदा लक्षात आलं की आठही भाग ते सुटत नाही. तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

एक खरं, ‘वन पीस’ने काय गाळायचं हे नीट ओळखलं. लफीच्या साथीदारांपैकी उसोपचं लांब नाक नाही, सान्जीची गोल भुवई नाही. डॉन क्रीग या खलनायकाला जवळपास उडवलाय आणि कोणाचं काही अडलं नाही. सातव्या भागात लफीची साथीदार नामी स्वतःच्याच दंडावर सुरा चालवते आणि लफी आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, तो प्रसंग मुळाच्या तोडीस तोड उतरलाय. शिवाय हजारावर भागांच्या अ‍ॅनिमेची धास्ती घेतलेल्याला आर्लाँग या खलनायकापर्यंतची गोष्ट आठ भागांत मिळते, हा फायदा लहान नाही. ऑडिओ जपानी केलात तर लफीला मायुमी तानाकाचा मूळ आवाज मिळतो; ओठ जुळणार नाहीत एवढंच.

केन्शिनची बाजू मुळातच थोडी सोपी आहे. गोष्ट मेइजी काळातली (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली), म्हणजे किमोनो, लाकडी वाडे, तलवारी हे सगळं जपानी सिनेमाच्या अंगवळणी पडलेलं. केन्शिनचे लाल केस जरा मळकट ठेवले की झालं, गॅदरिंगच्या टोपासारखे दिसत नाहीत. खलनायक शिशिओ तर अख्खा पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि तात्सुया फुजिवारा नुसत्या डोळ्यांवर आणि आवाजावर त्याला उभा करतो. उणिवा इथेही आहेतच: शिशिओच्या दहा तलवारबाजांपैकी बहुतेक जण वाया गेलेत, आणि ‘द लेजेंड एंड्स’ मध्यावर चांगलाच रेंगाळतो.

मुलांसोबत, हसतखेळत बघायचं असेल तर ‘वन पीस’ घ्या, फसणार नाही. पण लाइव्ह-अ‍ॅक्शन जमू शकतं का, हाच प्रश्न असेल तर मी केन्शिनकडेच बोट दाखवेन.

फक्त क्रम चुकवू नका. शेवटचे दोन नेटफ्लिक्सवर आल्यामुळे अनेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि एनिशी एवढा का पेटलाय ते त्यांना उसनं वाटतं. 2012 चा पहिला, मग 2014 चे ‘क्योटो इन्फर्नो’ आणि ‘द लेजेंड एंड्स’ लागोपाठ, मग ‘द फायनल’. ‘द बिगिनिंग’ची कथा काळाने सर्वांत आधीची असली तरी ती शेवटीच लावा: तिच्यात केन्शिनची न मारण्यासाठीची उलट्या धारेची तलवार नाही, विनोद जवळपास नाही, आणि हा थंड डोळ्यांचा मारेकरी पुढे कोण होणार हे ठाऊक असल्याशिवाय तिची संथ चाल जड जाते.