पीटीसी चव-जनुक किट: घ्या, पण एक पान काढून टाका

मी रत्नागिरीत टीवायबीएस्सीला प्राणीशास्त्र शिकवते. दोन वर्षं मागे लागून हे किट मंजूर करून घेतलं.

सुरुवात पीटीसीच्या कागदी पट्टीने. पीटीसी म्हणजे काहींना कडू लागणारं आणि काहींना बेचव असणारं एक रसायन. ती चाचणी वर्गात घ्या, प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही. पट्टी जिभेवर टेकताच निम्म्या मुली तोंड वाकडं करत नळाकडे धावल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र शांतपणे ती चघळत होता. "मॅडम, नुसता कागद आहे हा." १९३१ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून हीच पावडर हवेत उडाली, सहकाऱ्याला ती कडू लागली आणि फॉक्सना मात्र काहीच जाणवलं नाही. ही गोष्ट सांगायची हीच वेळ.

मग मिठाच्या पाण्याने चूळ भरून गालातल्या पेशी घ्यायच्या, चेलेक्समध्ये (डीएनए मोकळा करायला वापरायचे राळेचे बारीक मणी) उकळून डीएनए काढायचा आणि पीसीआर लावायचा, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या. कडू चव ओळखणाऱ्या टीएएस२आर३८ जनुकाचा २२१ बेस जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा मिळतो. ज्यांना कडू लागतं त्यांच्या प्रतीत एक अक्षर वेगळं असतं, तिथेच हे-थ्री हे डीएनए कापणारं विकर (एन्झाइम) कापतं आणि १७७ व ४४ चे तुकडे होतात. मग विजेच्या मदतीने जेलच्या थरातून हे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात आणि प्रत्येक लांबीची एक पट्टी दिसते. ४४ ची पट्टी जेलवर फिकट दिसते, तिच्यावर विसंबू नका.

तक्रार इथेच आहे. भर जुलैत पार्सल तीन दिवस रस्त्यात राहिलं, बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं. पहिल्या जेलवर सगळ्यांच्या पट्ट्या २२१ वरच! जेल खरं मानलं, तर नळाकडे धावलेल्यांनाही कडू लागायला नको होतं. विकर मेलंय हे मुलांनीच ओळखलं, मला फार बरं वाटलं. पण नक्की कापला जाणारा नमुना डीएनए किटमध्ये हवाच होता. कंपनीने दोन फोननंतर नवी कुपी पाठवली. दुसऱ्या जेलवर त्या मुलाची एकच पट्टी, २२१ ला. तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

कोबी, मोहरीचा पाला कुणाला जास्त कडवट का लागतो, हे यातून छान समजावता येतं. कारल्याचं मात्र यात आणू नका, त्याचा कडूपणा वेगळ्या रेणूंचा.

आता ते पान. पुस्तिकेत गृहपाठ दिलाय: आई, वडील, आजी यांना पट्ट्या देऊन वंशवेल काढा. मी तो दिलाच नाही. हे लक्षण पुस्तकातल्या मेंडेलच्या वाटाण्याइतकं सरळ चालत नाही. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच कडू चव ओळखणारी असलेल्यांना कधी खूप कडू लागतं, कधी जेमतेम. आईवडिलांना चव नाही आणि मुलीला आहे, असं निघालं तर एखाद्या घरात नको तो संशय शिरेल. आमच्याकडे वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात. वर्गातही जेलवर नावं नाहीत, फक्त आकडे.

पुढचं किट जानेवारीत मागवणार, आणि पार्सल सोमवारीच निघेल असं आधी कबूल करून घेणार.