तांबी केव्हा बसवावी : बाळंतपणाच्या टेबलावर, की पाळी आल्यावर?

तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, बसवायची हे ज्या बाईचे ठरलेले आहे, तिच्यापुढे आपल्या खेड्यांत मुख्य प्रश्न उरतो तो ती केव्हा बसवावी हा. दवाखान्यात बाळ झाल्याबरोबर, वार पडताच त्याच टेबलावर बसवून घ्यावी, की सव्वा महिना उलटल्यावर, घर जरा रुळल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसवावी? मी दोन्ही प्रकारे तांबी बसवून घेतली आहे, पहिल्या मुलीच्या वेळी माहेरी भंडारा जिल्ह्यात आणि दुसऱ्या मुलानंतर सासरी यवतमाळ जिल्ह्यात, आणि पुढचे लिहिणे त्या दोन अनुभवांवर, जावेच्या अनुभवावर आणि गावातल्या बायकांशी धुऱ्यावर बसून झालेल्या बोलण्यावर आधारलेले आहे.

वस्तू दोन्ही वेळी तीच असते. बोटाच्या दीड पेराएवढा प्लॅस्टिकचा टी, त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार आणि खाली लोंबणारा दुहेरी धागा. तांब्याचे कण गर्भाशयात सुटत राहतात आणि शुक्रजंतूंना निकामी करतात. यात हार्मोन नाही, म्हणून दुधावर परिणाम होत नाही. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते आणि तिचे दोन प्रकार असतात : 2002 पासून आलेली 380 ए, जी 10 वर्षे चालते, आणि 2012 पासून आलेली 375, जी 5 वर्षे चालते. आपल्याला कोणती बसवली हे विचारून घेतलेच पाहिजे, कारण आमच्या गावात पाच वर्षांची तांबी दहा वर्षांची समजून वागवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पहिल्या वर्षात शंभर बायकांमागे एखादीलाच ती असूनही दिवस राहतात, इतकी ती भरवशाची आहे.

बाळंतपणाच्या टेबलावर बसवण्याचा मोठा फायदा असा की वेगळे दुखणे जवळजवळ नसते. वार पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत, लांब चिमट्याने, गर्भाशयाच्या अगदी वरच्या टोकाशी ती ठेवली जाते. ते हुकले तर 48 तासांच्या आत बसवता येते, आणि त्यानंतर मात्र सहा आठवडे थांबावे लागते. मला टाके घालताना जे दुखले ते आजही आठवते, तांबीचे काहीच आठवत नाही. जावेचे सिझर झाले आणि पोट उघडे असतानाच तिला तांबी बसवली, तिला विचारले तर ती म्हणते, "मले त मालूमच नाही पडलं." ज्या बाईला तपासणीची, पाय वर करून निजण्याची लाज किंवा भीती आहे, तिच्यासाठी हा मुद्दा लहान नाही.

पण माझी तक्रार दुखण्याची नाहीच. मला तांबीबद्दल पहिल्यांदा विचारले गेले ते कळा सुरू असताना. कागद पुढे आला, मी सही केली, आणि काय बसवले, किती वर्षांचे, परत केव्हा दाखवायचे, यातले एक अक्षर माझ्या कानात शिरले नाही. खरे तर ही समजूत गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळीच घालायची असते, आणि कळा जोरात असताना घेतलेल्या होकाराला होकार म्हणू नये असेच नियम सांगतात. म्हणून ज्या बाईला टेबलावर तांबी हवी आहे तिने सातव्या-आठव्या महिन्यातच आशाताईला आणि सिस्टरला तसे सांगून ते कार्डावर लिहून घ्यावे. आणि जिला नको आहे तिनेही तेव्हाच, तितक्याच स्पष्टपणे सांगावे. पाणी फुटून 18 तासांहून अधिक वेळ गेला असेल, ताप असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर त्या दिवशी तांबी बसवत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

माझी ती पहिली तांबी पाचव्या आठवड्यात पडली. अंगावरून जाणे अजून सुरूच होते, न्हाणीत पाण्याबरोबर काहीतरी गेले असावे, मला कळले नाही. सहा आठवड्यांनी दाखवायचे असते ते मी दाखवले नाही, आणि त्याचे कारण आळस नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना झाला की सासरची माणसे न्यायला येतात. आणि तपासणीची तारीख नेमकी या दोन गावांच्या मधे पडते. तांबी बसवणारा दवाखाना भंडारा जिल्ह्यात, मी यवतमाळ जिल्ह्यात, आणि तांबीचे कार्ड आईच्या पेटीत. सासरच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला मला तांबी बसवली आहे हेच ठाऊक नव्हते. चार महिन्यांनी पोटात दुखू लागले म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा पिशवी रिकामी असल्याचे समजले. तोवर मी निर्धास्त होते. दिवस राहिले नाहीत हे केवळ नशीब.

हे माझ्या एकटीचे दुर्दैव नाही. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याचे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास आणि कधी त्याहून जास्त असते, तर नंतर बसवलेल्या तांबीचे पहिल्या वर्षातले प्रमाण दोन ते दहा असते. सिझरमध्ये बसवलेली तुलनेने कमी निसटते. बसवणाऱ्याचा हात सरावलेला आहे की नाही, तांबी खरोखर वरपर्यंत पोहोचली की नाही, यावर बरेच अवलंबून असते आणि बाईला ते पाहता येत नाही. शिवाय टेबलावर बसवलेल्या तांबीचा धागा लगेच हाताला लागत नाही. गर्भाशय आकसत जाते तसतसा तो खाली उतरतो, सिझरमध्ये कित्येकदा फार उशिरा; म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत तांबी पडण्याची भीती अधिक, त्याच दिवसांत बाईला घरी तपासून पाहण्याचा उपाय नसतो.

दुसऱ्या वेळी मी पाळीच्या पाचव्या दिवशी गेले. पाळीतच जावे असे बंधन नाही, दिवस राहिलेले नाहीत याची खात्री असली की पुरते. परंतु त्या दिवसांत गर्भाशयाचे तोंड जरा सैल असते आणि थोडे रक्त गेले तरी बाई घाबरत नाही. काय घडते ते सविस्तर लिहिते, कारण बायका एकमेकींना "दुखते" किंवा "काही नाही होत" एवढेच सांगतात. आधी सिस्टर बोटांनी आतून तपासते आणि दुसरा हात पोटावर ठेवून पिशवी कुठे वळलेली आहे ते पाहते. मग आतला मार्ग उघडा धरणारे थंडगार लोखंडी स्पेक्युलम आत जाते. दुखत नाही, पण अंग आपोआप आखडते. "आंग ढिलं सोडा ताई, पाय आखडले त मले दिसत नाही," असे आमची सिस्टर म्हणाली आणि मी लांब श्वास सोडला तेव्हा खरोखरच ताण कमी झाला. त्यानंतर औषधाच्या बोळ्याने पुसतात आणि गर्भाशयाचे तोंड चिमट्याने धरतात. तिथे पहिला चिमटा जाणवतो, कातडीला बसावा तसा. मग एक बारीक सळई घालून पिशवीची खोली मोजतात, आणि माझे सर्वांत जास्त दुखले ते इथे : ओटीपोटात पीळ, कपाळावर घाम, आणि दहा सेकंद आपण कुठे आहोत याचे भान नाही. तांबी सुटताना दुसरा पीळ आला, पण पहिल्याहून कमी. धागा कापला, उठून बसायला सांगितले; सारे मिळून दहा मिनिटेही झाली नसतील. काही बायकांना त्या वेळी भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटे निजून राहावे आणि लगेच ऑटोत बसू नये.

दुखण्याच्या बाबतीत दोन बायकांचे सांगणे इतके वेगळे का, याला कारणे आहेत. जिचे बाळंतपण नैसर्गिक झाले आहे आणि जी अंगावर पाजते आहे तिला कमी दुखते. जिला मूल झालेले नाही किंवा जिची सगळी बाळंतपणे सिझरने झाली आहेत तिला जास्त दुखू शकते. हे दुखणे सोसायचेच असते असा समज फक्त आपल्याकडचा नाही. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये नागा मनचेट्टी या निवेदिकेने स्वतःचा असह्य अनुभव बीबीसी रेडिओवर सांगितला तेव्हा तिथे त्यावर उघड बोलणे सुरू झाले, आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात लिग्नोकेन जातीच्या भूल देणाऱ्या औषधाचा उपयोग होऊ शकतो असे नमूद केले. आमच्या केंद्रात ती सोय मी पाहिली नाही, मात्र विचारून ठेवण्यात काही जात नाही. नंतरच्या कळांना आयबुप्रोफेनची गोळी पुरते. आणि सहन होत नसेल तर "थांबा" म्हणण्याचा हक्क बाईला आहे. सिस्टर रागावेल या भीतीने दात खाऊन पडून राहण्याची काही गरज नाही.

नंतर बसवण्यात एक जोखीम आहे, तीही सांगितली पाहिजे. सळई किंवा तांबी गर्भाशयाच्या भिंतीतून आरपार जाणे हजारात एखाद्या वेळी घडते. अंगावर पाजणाऱ्या बाईची पिशवी पहिले आठ-नऊ महिने मऊ असल्यामुळे ते प्रमाण हजारात पाच-सहापर्यंत वाढते. आकडा लहानच आहे, पण बसवल्यानंतर दोन-तीन दिवसांत पोटदुखी वाढत गेली, ताप आला किंवा धागा लागेनासा झाला तर थांबू नये.

पाळी जास्त जाणे दोन्हीत सारखेच. पहिले तीन ते सहा महिने रक्त अधिक जाते, दिवस वाढतात, कंबर दुखते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या. भंडारा-गोंदियात रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या किंवा यवतमाळ-वर्ध्यात कंबरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाईला हे वाढीव रक्त किती महाग पडते ते तिलाच ठाऊक. म्हणून नंतर बसवणाऱ्या बाईच्या हाती एक गोष्ट उरते, ती म्हणजे हंगाम निवडण्याची : वेचणी संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी बसवली तर पहिले जड महिने घराजवळ जातात. टेबलावर बसवणारीला हे निवडता येत नाही, परंतु बाळंतपणानंतर ती तसेही काही दिवस शेतात जात नसते. आधी हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. तो असलेल्या बाईला तांबी वर्ज्य नाही, पण रक्तस्रावाचा विचार करून डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे, कारण तिच्यासाठी दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा हार्मोनची तांबी अधिक सोयीची ठरू शकते. अंतरा बंद केल्यावर मात्र दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, आणि हार्मोनची तांबी गावाजवळ मिळत नाही, पैसेही हजारांत जातात. साधी तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात.

"थांबू आणि मग बसवू" म्हणणाऱ्या बायकांची फसगत वेगळीच असते. "अंगावर पाजते तोवर राहत नाही" हे अर्धेच खरे आहे : बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस फक्त अंगावरचेच पीत असेल आणि पाळी आली नसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच. पाणी, गुटी, वरचे दूध सुरू झाले की तो हिशेब मोडतो. त्यात सासूबाईंचे "सव्वा महिन्याबिगर दवाखान्याचं तोंड पाहू नोको", मग बाळाचे लसीकरण, मग सोयाबीनची सोंगणी; आमच्या शेजारणीचे तिसरे बाळ याच दिरंगाईत झाले. मधल्या काळात निरोध किंवा छाया ही गर्भनिरोधक गोळी चालते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा घ्यायची असते आणि दूध पाजणारीलाही चालते.

तांबी पोटात वर चढते, काळजापर्यंत जाते, वजन उचलले की सरकते, हे सगळे निरर्थक आहे. त्याहून खरी अडचण काढण्याची आहे. मला दुसरी तांबी काढायची होती तेव्हा "अजून दोन महिने पाहा" असे तीनदा ऐकावे लागले, आणि दर खेपेला एक रोजी बुडाली. बाईने मागितले की काढून दिली पाहिजे हा नियम आहे, त्यासाठी नवऱ्याची सहीही लागत नाही. प्रसूतीनंतरच्या तांबीसाठी आशाताईला 150 रुपये मोबदला मिळतो. तो तिच्या कष्टाचा आहे, पण काढण्याला तसा मोबदला नाही, हे समजून घेतले म्हणजे काही टाळाटाळींचा अर्थ लागतो.

तेव्हा माझे मत असे. बाळंतपण सासरीच, किंवा जिथे पुढे राहायचे त्याच तालुक्यात होणार असेल, किंवा सिझर ठरलेले असेल, तर टेबलावर बसवून घ्यावी. घरून पुन्हा दवाखान्यात जायला मिळणार नाही हे जिला पक्के माहीत आहे, तिनेही पडण्याचा धोका पत्करून तेव्हाच बसवावी. बाळंतपण माहेरी दूरच्या जिल्ह्यात असेल आणि सव्वा महिन्यात परतायचे असेल, तर सासरच्या केंद्रात नंतर बसवणे बरे, मात्र मधे छाया किंवा निरोध हवाच. टेबलावरच बसवली तर तांबीचे कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाच्या पिशवीत ठेवावे, कारण माहेरून निघताना तेवढी एकच पिशवी कुणी विसरत नाही, आणि पोहोचल्याच्या आठवड्यात ते सासरच्या सिस्टरपुढे ठेवून धागा तपासून घ्यावा. माझ्या धाकट्या बहिणीचे या दिवाळीत भंडाऱ्यालाच बाळंतपण आहे. तिच्या कार्डावर सातव्या महिन्यातच "तांबी नको, छाया" असे सिस्टरकडून लिहून घेतले आहे.