मांजराचा पिंजरा घेताना वरचं झाकण बघा

अमळनेरला आमचं कृषी केंद्र आहे. मागच्या गोदामात मक्याच्या आणि कपाशीच्या बियाण्याच्या थप्प्या, त्यामुळे उंदीर आलेच. झिंक फॉस्फाइड आम्ही गिऱ्हाइकांना विकतो, पण आपल्या गोदामात टाकत नाही; विष खाल्लेला उंदीर भुरीच्या पोटात जायला नको. भुरी म्हणजे आमची राखी मांजर, वजन चार किलोच्या आसपास, कामाला चोख. रेबीजची आणि ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र) लस द्यायला तिला धुळ्याला न्यावं लागतं. त्यासाठी घेतलेल्या पिंजऱ्याबद्दल हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच साच्याचा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. नावापेक्षा बनावट बघा.

कडक प्लास्टिकचा, दोन भागांचा डबा. खालचं ताट आणि वरचं कवच कडेच्या क्लिपांनी जोडलेलं. पुढे जाळीचं दार. आणि वर, मुठीच्या बाजूला, उघडणारं झाकण. ऑनलाइन मागवला, १,६५० रुपये पडले. इथल्या बाजारात लव्हबर्डचे पिंजरे मिळतात, मांजराचे नाहीत. झाकण नसलेला याच मापाचा पिंजरा चार-पाचशे रुपयांनी स्वस्त होता. तो घेऊ नका. पैसे वाचवायची ही जागा नाही.

मांजर पुढच्या दारातून आत ढकलायला गेलं की ती चारही पाय चौकटीला लावते. आपण जोर लावला की ती दुप्पट जोर लावते, आणि नखं तिच्याकडे असतात. वरून सोडताना तिला अडायला चौकटच सापडत नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. आधी मागचे पाय ताटाला टेकू द्यायचे, मग पुढचे. अंगावर टॉवेल सैल गुंडाळलेला असला तर तो तसाच आत जाऊ द्यायचा, काढायची घाई नको. मग झाकण सावकाश लावायचं, शेपटी आणि कान बघून.

मानेची कातडी धरून उचलायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. माझा पुतण्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो, त्याने ती आमच्या घरातून हद्दपार केली. आई पिल्लाला तसं उचलते ते पिल्लाचं वजन मूठभर असतं म्हणून. मोठ्या मांजराला त्याने दुखू शकतं, आणि भीती तर वाढतेच. मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०२२ साली हाताळणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही मान धरू नका असंच आहे, हे तो मला मोबाइलवर दाखवत होता. काका ऐकत नाही म्हटल्यावर पोरं पुरावे काढतात.

पिंजरा आला तेव्हा मायने विचारलं, “हाई खोकं कसाले लयना रे?” तिच्या मते गोणी काय वाईट! गोणीत मांजर दिसत नाही, श्वास घेते का गुदमरते कळत नाही, आणि घाबरून नखं गोणीतून थेट आपल्या मांडीत. मायला ते पटलं नाही, पण पिंजरा गल्ल्याखाली ठेवायला तिने हरकत घेतली नाही.

ते गल्ल्याखाली ठेवणं हीच खरी तयारी. वरचं कवच काढून नुसतं ताट ठेवलं, त्यात जुन्या गोधडीचा तुकडा, ज्यावर भुरी आधीच झोपायची. रोजचं खाणं ताटाजवळ, मग ताटात. मधूनमधून सोमवारच्या बाजारातली सुकट, चिमूटभरच. शेताच्या बांधावर खोकली नावाचं तण उगवतं, तिचं मूळ चेचून गोधडीवर चोळलं तर भुरी लोळण घेते. सगळ्याच मांजरांवर त्याचा असर होत नाही, आणि मूळ खायला द्यायचं नाही, वास पुरे. बाटलीतला फवारा मिळतो, मांजराच्या गालाच्या वासासारखा बनवलेला. किंमत बघून मी तो तिथेच ठेवला. ज्यांना वापरायचाय त्यांनी निघण्याआधी पंधरा मिनिटं मारावा, म्हणजे त्यातला अल्कोहोलचा वास उडून जातो.

ताटात ती बिनधास्त बसायला लागली की कवच चढवायचं, दार न लावता. मग दार लावून लगेच उघडायचं. मग उचलून दोन पावलं चालून परत ठेवायचं. प्रत्येक पायरीला सुकट. ती दाराकडे पाठ करून शांत झोपते का हे बघून पुढची पायरी, कॅलेंडर बघून नाही. ज्याला उद्याच जायचंय त्याला याचा उपयोग नाही, त्याने टॉवेलवरच भागवावं.

जायच्या दिवशी गोदामाचं दार सगळ्यात आधी बंद. थप्पीमागे गेलेलं मांजर काढणं म्हणजे अर्धा दिवस गेला. पिंजरा आधी न्हाणीघरात नेऊन ठेवायचा आणि मग तिला तिथे न्यायचं. तिथे लपायला काही नसतं. पाठलाग करायचा नाही. कान मागे गेले, शेपूट फुगली, गुरगुर सुरू झाली की थांबायचं. लशीची तारीख दोन दिवस पुढे गेली तर बिघडत नाही, तातडीचं आजारपण असेल तर गोष्ट वेगळी. आणि चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, हळद भरत बसायचं नाही. गुंगीसाठी घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. गोळी लागलीच तर डॉक्टर वजन बघून देतील.

गाडीत पिंजरा पुढच्या सीटच्या मागे, खाली पाय ठेवायच्या जागेत नीट बसतो. सीटवर ठेवला तर ब्रेकला घरंगळतो. तीन बाजूंनी टॉवेल टाकायचा, दाराची बाजू हवेला मोकळी. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मांजराला घाम जवळजवळ पंजांनाच येतो, म्हणून उन्हात बंद गाडीत ती लवकर तापते. तोंड उघडून धापा टाकायला लागली की तो धोका समजायचा. आम्ही उन्हाळ्यात पहाटेच निघतो. सध्या पाठीवर घ्यायच्या, पुढे पारदर्शक घुमट असलेल्या बॅगा फार विकल्या जातात. फोटोला छान. इथल्या उन्हात तो घुमट म्हणजे भट्टी.

दवाखान्यात या पिंजऱ्याचे पैसे वसूल होतात. क्लिपा सोडल्या, कवच उचललं, भुरी खालच्या ताटात आपल्याच गोधडीवर बसलेली. डॉक्टरांनी टॉवेलची कड वर करून मागच्या पायात सुई दिली. ओढून बाहेर काढणं नाही, टेबलावर दाबून धरणं नाही. शेजारच्या बाकावर एक बोका पुढच्या दारातून निघत नव्हता आणि त्याचा मालक पिंजरा उलटा करून झटकत होता, ते बघून मला माझे जादा चार-पाचशे रुपये फार स्वस्त वाटले.

पिंजऱ्याचे दोषही सांगतो. ताट गुळगुळीत आहे, वळणावर मांजर घसरते. गोधडीखाली रबरी चटईचा तुकडा कापून टाका. मूठ भरल्या वजनाने लवते, म्हणून मुठीला धरून हेलकावे देत न नेता दोन्ही हात खालून घालून छातीशी धरून न्यावा. दाराची कडी आतून पंजाने ढकलली की सरकते. मी प्रवासात कडी सुतळीने बांधतो. क्लिपांपैकी एक लवकरच सैल झाली. सुट्या क्लिपा विकणाऱ्याकडे मिळत नाहीत, त्याने सरळ नवा पिंजरा घ्या म्हणून सांगितलं. आता तिथे प्लास्टिकची केबल टाय लावतो, आणि ती कापायला कात्री धुळ्यापर्यंत सोबत नेतो. बोका सहा किलोच्या वर असेल तर मोठं माप मागवा, यात त्याला उभं राहून वळता येणार नाही.