प्री-वेडिंग शूट: अलिबागला सकाळी की संध्याकाळी?

आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे समुद्रात बुडणारा सूर्य हवा असेल तर संध्याकाळच. मागे कुलाबा किल्ला, पुढे दोघांच्या काळ्या आकृती, झकास दिसतं. पण शनिवार-रविवारी फ्रेममध्ये घोडागाडी, भेळवाले आणि कुणाचे तरी काका येणारच. सकाळी ऊन जमिनीकडून येतं. समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो, गर्दी नसते, नऊवारीचा रंगही खुलतो. मी तरी सकाळच निवडेन. फक्त त्या दिवशीची ओहोटी कधी ते आधी बघा. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ओल्या वाळूत प्रतिबिंब मिळतं ते ओहोटीलाच. आणि पदराला सेफ्टी पिना जरा जास्तच लावा.