देव न मानणाऱ्याने बुद्ध कुठून वाचायला घ्यावा? दीक्षाभूमीच्या रस्त्यावरचा पुस्तकांचा ठेला

आमच्या घरात देव्हारा नाही. वडिलांनी ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे कोणी काही सांगितलं की "रिपोर्ट दाखवा" हे तोंडात बसलेलं. नागपूरच्या लक्ष्मीनगरात राहते, दीक्षाभूमीवरून रोजचं जाणं-येणं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी इथे जे स्वीकारलं ते नेमकं काय, हे नीट वाचून काढायचं होतं. अट एकच: आधी श्रद्धा ठेवा मग वाचा, असं म्हणणारं पुस्तक नको.

ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या पुस्तकात मधला एक फर्माच (एकत्र छापून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) गायब निघाला आणि विकणाऱ्याने फोन उचलला नाही. मग ठरवलं, पुस्तक हातात घेऊन, चाळूनच घ्यायचं.

ठेल्यावर पुढे मूर्ती, निळे झेंडे, मेणबत्त्या, वंदनेच्या पुस्तिका. खरा माल मागच्या फळीवर. तिथल्या काकांनी पुस्तक दाखवायच्या आधी विचारलं, "ताई, वंदनेचं पायजे का अभ्यासाचं?"

"अभ्यासाचं. पण काका, मी देवधर्म काही मानत नाही."

"मंग त बरंच हाये. बसा इथं, दोन पुस्तकं देतो, चार-चार पानं वाचून पाहा. घाई नाही."

प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं आणि मांडीवर दोन पुस्तकं ठेवली. पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं 'भगवान बुद्ध' आणि बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. एवढी साधी गोष्ट मोठ्या दुकानांत कोणी करत नाही, म्हणून या ठेल्याला माझ्याकडून पूर्ण गुण.

सुरुवात कोसंबींपासून करा, असं मी आता कोणालाही सांगेन. कारण हा माणूस प्रत्येक दाव्यामागे पुरावा ठेवतो. राजपुत्राला म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसला आणि तो मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत सोडून निघाला, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. कोसंबी दाखवतात की चार दृश्यांची ही गोष्ट 'महापदान सुत्ता'त (सुत्त म्हणजे पालीतलं बुद्धाचं प्रवचन) विपस्सी नावाच्या आधीच्या एका बुद्धाबद्दल येते, ती नंतर गोतमाला, म्हणजे आपण ज्याला बुद्ध म्हणतो त्याला, चिकटली. आणि 'अरियपरियेसन सुत्ता'त स्वतः बुद्ध सांगतो की आईवडील रडत असताना, त्यांची इच्छा नसताना, मी केस-दाढी काढून घराबाहेर पडलो. म्हणजे लपूनछपून नाही, सगळ्यांदेखत. हे वाचून मी तिथेच स्टुलावर दोनदा मागे जाऊन तो परिच्छेद वाचला. चमत्काराची पुटं काढल्यावर खाली जो माणूस उरतो, तो मला कितीतरी जास्त पटला.

एक सूचना मात्र करते. पुस्तकात बारा प्रकरणं आहेत आणि पहिली तीन आर्यांच्या इतिहासाची, त्या काळच्या राजकारणाची आणि धार्मिक परिस्थितीची आहेत. 1940च्या आसपासचं लेखन, काही तर्क आता जुने वाटतात, आणि नवा वाचक तिथेच थकतो. सरळ चौथ्या प्रकरणापासून, 'गोतम बोधिसत्त्व'पासून वाचायला घ्या. शेवटचं 'दिनचर्या' तर चुकवू नका. बुद्धाचा दिवस कसा जात असेल, भिक्षेला कधी निघायचा, एकांतात कधी बसायचा, असं घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं आहे. कोसंबींना स्वतःला बुद्ध पहिल्यांदा भेटला तो 'बालबोध' मासिकातल्या लेखातून. त्या ओढीने ते गोव्याहून निघाले, पुढे नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेले, आणि 1947 साली वारले ते आपल्या शेजारच्या सेवाग्रामला.

बाबासाहेबांचं पुस्तक दुसरं घ्या, पण घ्याच. ते 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आलं. सुरुवातीलाच ते विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलंच नसेल का? मग सिद्धार्थाचं शाक्य कुळ आणि शेजारचे कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा वाद, शाक्यांच्या संघात म्हणजे सभेत सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध, आणि त्यापायी घर सोडणं. विदर्भात कालव्याच्या पाण्यावरून होणारी भांडणं पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लहान लहान क्रमांकित वाक्यांमुळे वाचायला सोपं जातं. पण कोणतं वाक्य कुठल्या सुत्तातून घेतलं ते जागोजागी दिलेलं नाही, म्हणून कोसंबी हाताशी असलेले बरे.

पुनर्जन्माशी मी अडणार हे मला माहीत होतं. तिथे उपयोगी पडली काकांनी वरून घातलेली निवडक सुत्तांची पातळ पुस्तिका. त्यात 'कालाम सुत्त' आहे. परंपरेने आलं, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, म्हणून मानू नका, एवढा भाग पोस्टरवर सगळीकडे छापतात. पुढचा भाग कोणी छापत नाही. शेवटी बुद्ध चार दिलासे देतो, त्यातले पहिले दोन असे. परलोक असेल, कर्माचं फळ असेल, तर द्वेष नसलेला माणूस मेल्यावर सुगतीला जाईल. आणि तसं काहीच नसेल, तरी याच जन्मात तो निर्वैर, सुखाने राहील. माझ्यासारखीला जागा अडीच हजार वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे! मला याचा फार आनंद झाला, आणि अजूनही होतो.

'धम्मपद', म्हणजे बुद्धवचनांच्या गाथांचा संग्रह, तिसऱ्या फेरीला घ्या. 423 गाथा सलग वाचायच्या नसतात, आणि पार्श्वभूमी नसली तर त्या सुविचारांसारख्या वाटून जातात. जातककथा, ताणतणाव घालवणारी ध्यानाची पुस्तकं सध्या राहू द्या.

दसऱ्याच्या आणि 14 ऑक्टोबरच्या गर्दीत पुस्तकं भरपूर येतात, सवलतही चांगली मिळते, पण काकांना मान वर करायला फुरसत नसते. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिवाळ्यातली एखादी साधी दुपार निवडावी. ऑनलाइन पेमेंट चालतं, बिल मागितलं तर हाताने लिहून देतात. फर्मे मोजून घ्यायला त्यांची हरकत नाही, मी विचारलं आहे.